अर्ध्या दाराची कडी

ती गुडघ्यांवर रांगत शिवणीच्या टेबलाखाली शिरली, तेव्हा कागदांच्या घड्या घालणाऱ्या मावशींनी आपले पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले. केर काढणाऱ्याला वाट द्यावी तसे.

“काही हरवलंय का गं?” त्यांनी वरून विचारलं.

“नाही मावशी. बघतेय फक्त.”

“बघ, बघ. माझं एक कानातलं मागच्या महिन्यात तिकडेच पडलंय. दिसलं तर तेवढं दे.”

कानातलं दिसलं नाही. दोन शिवणसुया, मेण लावलेल्या दोऱ्याचा गुंता आणि पात्याचा एक तुकडा मात्र सापडला. तुकडा तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मुलांना जग मोठ्यांच्या कमरेच्या खालीच भेटतं, असं तिचं ठाम मत होतं. घरी तिनं टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंजचे तुकडे चिकटवले होते, खालच्या कपाटांना रबरं अडकवली होती आणि फोनला तीन कुलपं घातली होती. त्यांतलं एक आता तिलाच उघडत नव्हतं.

सोमवारी ती सहा वर्षांनी पुन्हा कामावर जाणार होती, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. शाळा तीनला सुटायची, प्रयोगशाळा साडेपाचला. मधल्या वेळात भिंगरीनं आजोबांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात बसायचं, असं घरात ठरलं होतं. भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी, आणि घरात ठरलं म्हणजे बाकी सगळ्यांनी ठरवलं होतं. तिनं फक्त “आधी मी बघून येते” एवढंच म्हटलं होतं. आज शुक्रवार. फोनमध्ये प्रयोगशाळेला पाठवायचा एक निरोप कालपासून लिहून तयार होता: माफ करा, घरच्या अडचणीमुळे सोमवारपासून येणं जमणार नाही. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

सासरे खळीचं भांडं ढवळत उभे होते. चष्मा कपाळावर. तिच्या तपासणीकडे बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यामुळे खळ गरजेपेक्षा जास्त ढवळली जात होती.

कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. चार टेबलं, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले करड्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि टोकाला कागद कापायचं यंत्र. यंत्रावर कटरकाका. गेली पस्तीस वर्षं यंत्र आणि काका एकमेकांसारखेच दिसत आले होते, दोघंही रुंद आणि दोघंही कमी बोलणारे. पात्यापुढे जाळी होती. किल्ली काकांच्या गळ्यात होती. ती तिनं ओढून पाहिली, तेव्हा काका थोडे खाली वाकले, म्हणजे तिला नीट ओढता यावी.

सगळ्यांत पुढे रस्त्याकडचं दार. दिवसा मोठं दार उघडं असायचं आणि आतलं अर्धं दार लावलेलं, माणसाच्या छातीएवढं उंच. ती रांगत तिथवर आली आणि थांबली. दाराच्या चौकटीला, अगदी तिच्या डोळ्यांसमोर, एक पितळी घंटा होती. घंटा जुनी, हिरवट काळी पडलेली. तिची दोरी फटीतून बाहेर रस्त्याच्या बाजूला गेली होती. दोरी मात्र कोरी करकरीत होती, लाल.

“बाबा, ही घंटा एवढी खाली का?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारावर कुणीतरी खाकरलं.

“कडी आतून आहे. वरून हात घाला,” कटरकाका मान वर न करता म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं असावं.

एक हात आत आला, चाचपडला, कडी सरकली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं ओळखपत्र गळ्यात घातलेल्या एक बाई आत आल्या आणि फरशीवर बसलेल्या तिला ओलांडावं की नमस्कार करावा, हे न कळून दोन्ही अर्धं अर्धं करून पुढे गेल्या.

“मी फोन केला होता,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या. “चावट मासिकांच्या इतिहासाबद्दल.”

खळीचा पळा थांबला.

“तुम्ही उद्या येणार होतात,” सासरे म्हणाले.

“उद्या माझ्या बहिणीचा मुलगा परगावाहून येतोय, म्हटलं आजच उरकावं. चालेल ना?”

मावशींनी सुनेकडे पाहिलं. कटरकाकांनी कधी नव्हे ते मान वर केली. सून उठली, गुडघे झटकले आणि एक स्टूल ओढून बसली. ज्या तऱ्हेनं ती बसली, त्यावरून आता हे चालणार होतं, हे सगळ्यांना कळलं.

ग्रंथालयवाल्या बाईंनी तपकिरी पाकिटातून एक मासिक काढून टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर तिशीतली एक बाई रेनकोट घालून, छत्री न उघडता हसत होती. वर कोपऱ्यात लाल गोल आणि त्यात ‘फक्त प्रौढांसाठी’.

“मागच्या पानावर बांधणीला तुमच्या कारखान्याचं नाव आहे. अशी चार मासिकं तुम्ही अठरा वर्षं बांधलीत, बरोबर?”

“साडेअठरा,” सासरे म्हणाले. सुनेकडे न बघता.

“आज पाहिलं तर मुखपृष्ठं अगदी सोज्ज्वळ वाटतात. साबणाच्या जाहिरातीत याहून जास्त दिसतं. आतला मजकूर मात्र...”

“आतलं आम्ही वाचत नव्हतो,” सासरे घाईनं म्हणाले.

“मी वाचायचे,” मावशी म्हणाल्या. “शुद्धलेखन भयंकर असायचं.”

कटरकाकांच्या यंत्रामागून एक आवाज आला. तो खोकला नव्हता.

सून हसली नाही. तिचा नवरा लग्नाआधी पहिल्याच भेटीत म्हणाला होता, ‘मी कारखान्यात वाढलो, पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर झोपायचो.’ ते वाक्य तिला तेव्हा इतकं आवडलं होतं, की तिनं ते दोन मैत्रिणींना सांगितलं होतं. कुठल्या पुस्तकांच्या, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. तिनं पर्स मांडीवर घेतली. आत घडी घातलेला एक कागद होता, तिनं स्वतः लिहिलेली नियमावली, कलमं अकरा. त्या अकरांत हे कुठेच बसत नव्हतं.

बाईंनी प्रश्न विचारले, सासऱ्यांनी उत्तरं दिली. सुरुवातीला जपून, मग हळूहळू कामाचा माणूस कामाबद्दल बोलतो तसं. आधी ही मासिकं दुकानात दोरीला उघडी टांगलेली असत, पेन्सिली आणि वह्यांच्या शेजारी. मग नियम आला, मुखपृष्ठ झाका. कारखान्यात तपकिरी वेष्टणं चढवायचं काम वाढलं. मग वेष्टण चिकटवूनच पाठवा, आणि दुकानदारानं गिऱ्हाइकाचं वय विचारल्याशिवाय द्यायचं नाही. मग सगळ्यांत मोठा नियम आला. छापलेल्या प्रत्येक चित्रातल्या माणसाचं वय अठराच्या वर असल्याचा दाखला छापखान्यानं आणि बांधणाऱ्यानंही ठेवायचा.

“तेव्हा बऱ्याच जणांनी ओरड केली,” बाई म्हणाल्या. “कागदपत्रांचा त्रास म्हणून.”

“त्रास कसला? एक फायलींचं कपाट घेतलं. ज्या अंकाचे दाखले आले नाहीत, त्याचे फर्मे, म्हणजे छापून आलेले ताव, आम्ही आल्या पावली परत पाठवले.”

“मालक किती चिडायचा,” मावशी म्हणाल्या. “फोनवरूनच थुंकी उडायची.”

“आणि मुलं?”

हे सुनेनं विचारलं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मुलं यायची ना इथे? तुमचा मुलगा तर इथेच वाढला म्हणे.”

“नऊ मुलं यायची,” सासरे म्हणाले. आता त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “आमचा एक, मावशींच्या दोघी, काकांचे तिघे, शिवणाऱ्या बायकांची बाकीची. शाळा तीनला सुटायची, कारखाना सहाला. जाणार कुठे? म्हणून ही घंटा. मोठ्या माणसाचा हात दारावरून कडीला पुरतो. मुलाचा पुरत नाही. मुलानं बाहेरून दोरी ओढायची. घंटा वाजली म्हणजे दारात मूल आहे. प्रत्येकाच्या डाव्या हाताला एक करडा पुठ्ठा. घंटा वाजली की तो समोरच्या कामावर टाकायचा. मग दार उघडायचं. मुलं पोटमाळ्यावर जाऊन अभ्यासाला बसली की पुठ्ठे उचलायचे.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“साडेअठरा वर्षं. कुणी एकदाही विसरलं नाही?”

तिचा आवाज तिला वाटला त्याहून जास्त प्रयोगशाळेतला निघाला. आधी कळवून घेतलेला नमुना नेहमी स्वच्छच असतो, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. इतक्या वर्षांनी सांगितलेली हकिगत म्हणजे कळवून घेतलेलाच नमुना.

सासरे दारापाशी गेले, अर्धं दार आत ओढलं आणि त्याची आतली बाजू तिच्याकडे वळवली.

“विसरलं कुणी नाही,” ते म्हणाले. “चूक झाली ती वेगळीच. इकडे बघ.”

कडी दाराच्या वरच्या काठाशी होती. तिच्या खाली चार बोटांवर दोन स्क्रूंची जुनी भोकं होती. त्याच्या खाली आणखी दोन. मग आणखी. भोकांच्या पाच जोड्या सरळ रेषेत खाली उतरत गेल्या होत्या, शेवटची जवळजवळ गुडघ्याशी.

“तुझा नवरा बारा वर्षांचा झाला,” सासरे म्हणाले, “आणि एका दुपारी त्याचा हात कडीला पुरला. मुलं उंच होतात, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांना मुलं होती, बरं का. दर वर्षी नवे बूट घेत होतो. पण दाराचा हिशेब कुणी केला नाही. घंटा वाजली नाही, पुठ्ठे पडले नाहीत. तो आला आणि मावशींच्या मागे येऊन उभा राहिला.”

“अर्धं मिनिट उभा होता,” मावशी म्हणाल्या. “आणि म्हणतो कसा, ‘मावशी, तुमचा फर्मा उलटा लागलाय.’”

“मग?”

“मग काय? बघितलं तर खरंच उलटा लागला होता.”

ग्रंथालयवाल्या बाई हसल्या. कटरकाकाही हसले, उघड. सुनेच्या ओठांच्या कडा हलल्या. तिनं त्या आवरल्या.

“मी हसलो नव्हतो,” सासरे म्हणाले. “त्याच दिवशी सगळे गेल्यावर कडी खाली घेतली. ही पहिली भोकं. मग काकांचा थोरला वाढला, ही दुसरी. मावशींची धाकटी तर ताडमाड, तिनं एका वर्षात दोनदा कडी हलवायला लावली. शेवटी कडी इथे, गुडघ्यापाशी आली. मुलांचा हात पुरेना, पण मोठ्यांचाही पुरेना.”

“काका पोटावर आडवे व्हायचे दारावर,” मावशी म्हणाल्या. “पाय बाहेर हवेत, डोकं आत. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची.”

“आणि तुम्ही?” कटरकाका मावशींकडे बोट दाखवत पहिल्यांदाच गप्पांत पडले. “या ठेंगण्या. यांना काही केल्या पुरेना. मग या घंटा वाजवायच्या. चहाला गेल्या, आल्या, घंटा. बाथरूमला गेल्या, आल्या, घंटा. आम्ही दिवसभर आपले पुठ्ठे टाकतोय.”

“मला काय म्हणताय? अंगानं मी मूलच होते तेव्हा.”

सून दारापाशी उकिडवी बसली होती. तिनं सगळ्यांत खालच्या भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. लाकूड आतून गुळगुळीत झालं होतं. घरी दाराच्या चौकटीवर तिनं भिंगरीच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या, दर वाढदिवसाला एक, वर वर जाणाऱ्या. इथल्या खुणा नऊ मुलांच्या होत्या आणि खाली खाली येत होत्या.

“मग काम बंद कधी झालं?” बाईंनी वही उघडली.

“शेवटचा नियम आला तेव्हा. जिथे अशा मजकुराचं काम चालतं, त्या जागेत अठराच्या आतल्या कुणी पाऊल टाकायचं नाही. निरीक्षक आले. चांगले सहा फूट उंच. कडीसाठी वाकले ते दारावर लोंबकळलेच. पेन आत पडलं, चष्मा बाहेर. पण माणूस सज्जन. सगळं ऐकून घेतलं, घंटा दोनदा वाजवून पाहिली, भोकं मोजली. म्हणाले, ‘घंटा चांगली आहे तुमची. पण कायद्यात घंटा नाही.’ एक तर मासिकं ठेवा, नाही तर मुलं.”

“आणि तुम्ही मुलं ठेवलीत.”

“मी काय ठेवणार? सगळ्यांना विचारलं. विचारायला पाच मिनिटं लागली, त्यातली चार काका चहा पीत होते.”

“मग काम?”

“कडी परत वर नेली आणि एका तिमाहीत दोन टेबलं रिकामी झाली. मग उत्तरपत्रिका शिवल्या, हजेरीपट शिवले. आता प्रबंध. ही बघा, गांडुळाची पचनसंस्था, तीन प्रती.”

“तुम्हाला त्या कायद्याचा राग नाही आला? इतका विचार करून हे सगळं केलेलं असताना?”

सासरे खळीच्या भांड्याकडे परतले. “बाई, आम्ही सुटलो. घंटा शेवटी कुणाच्या तरी कानावर चालते. एखाद्या दिवशी सर्दीनं कान बसलेला माणूस निघाला की संपलं. मुलगा मागे येऊन उभा राहिला, त्या दिवसापासून मी रोज तीन वाजता घाबरत होतो. तो नियम आला आणि तीन वाजता मी पहिल्यांदा चहा चवीनं प्यायलो.”

त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तीन वाजता घाबरणारा आणखी एक माणूस या घरात आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रंथालयवाल्या बाईंनी दाराचे फोटो काढले, भोकांवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि मासिक पुन्हा पाकिटात घालून निघाल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, “मासिकं मला पुष्कळ मिळतात हो. असं दार कुठे मिळालं नव्हतं.”

त्या गेल्यावर सुनेनं पर्समधून तो कागद काढला आणि सासऱ्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

“हे मी लिहून आणलं होतं. भिंगरीसाठी. म्हणजे, तुमच्यासाठी.”

सासऱ्यांनी हात फडक्याला पुसले आणि कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत, बोट ओळीवरून फिरवत. मग टेबलावरची पेन्सिल उचलली.

“कलम चार.”

“जास्त कडक झालंय का?”

“कडक? ढिलं आहे. ‘कापायच्या यंत्राजवळ एकटीनं जाऊ नये.’ यातलं ‘एकटीनं’ काढ. कुणाबरोबरही जायचं नाही. काकांबरोबर तर नाहीच.”

“बरोबर आहे,” यंत्रामागून काका म्हणाले.

“सात. ‘सुया डब्यात ठेवाव्यात.’ कुणी? नाव घाल. नाव नसलं की सगळ्यांचं काम, म्हणजे कुणाचंच नाही. मावशींचं घाल.”

“घाला, घाला. म्हातारीच्या माथी सगळं.”

“आणि बारावं नाहीच आहे इथे,” सासरे म्हणाले. “वर्षाला एकदा पोरीचा हात दारावरून कडीला पुरतो का, ते बघायचं. आता आत लपवण्यासारखं काही नाही. पण पोर आत आली की बाहेर गेली, हे कळायला तर हवं.”

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं पेन काढून चौथ्या कलमातला शब्द खोडला, सातव्यात नाव घातलं आणि खाली ‘१२’ असा आकडा लिहिला. सासरे पहिल्या प्रतीला खळ लावायला वळले. मावशींनी गांडुळाच्या आतड्याची आकृती घडीत धरली. काकांनी यंत्राखाली नवा गठ्ठा सरकवला. ती पुढची ओळ लिहायला लागली. डाव्या हाताला पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता, त्यावर तिचं कोपर टेकलं होतं.

बाहेर स्कूटर थांबली. तिच्या नवऱ्याचा आवाज आला. आज त्याला भिंगरीला शाळेतून थेट इथे आणायला सांगितलं होतं, हे ती साफ विसरली होती.

“मी नाही उघडणार, तू उघड. ती लाल दोरी दिसते? ओढ.”

घंटा वाजली.

धप्. धप्. धप्. धप्.

मावशी, काका आणि सासरे आपापल्या पुठ्ठ्यावर पंजा पसरून बसले होते आणि एकमेकांकडे बघत होते. मावशींच्या पुठ्ठ्याखालून गांडुळाची शेपटी बाहेर आली होती. त्यांनी ती बोटानं आत ढकलली. मग त्यांना हसू फुटलं आणि ते काकांपर्यंत पोचलं. सासरे मात्र हसत नव्हते. ते तिच्या टेबलाकडे बघत होते.

आवाज चार झाले होते.

तिनं खाली पाहिलं. तिच्या नियमावलीवर एक करडा पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर तिचा स्वतःचा हात.

“आई!” अर्ध्या दाराच्या काठावर केसांच्या रिबिनीचं फक्त टोक दिसत होतं. “वाजली का? पुन्हा वाजवू?”

“वाजव,” ती म्हणाली. हात तिनं तसाच राहू दिला. “आणि सोमवारीही अशीच वाजवायची.”